नवरो खंय गेलो? फिल्म एसएलआर, फ्लॅश आणि शटरचा एक आकडा

मावसबहिणीच्या लग्नाला मामानं त्याचा पेंटॅक्स के१००० माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाला, काढ फोटो, तुला येतात ना. मला येत होते, म्हणजे मी समुद्राचे, होड्यांचे, मांजराचे काढले होते, फ्लॅश कधी लावला नव्हता. मांडवात जरा अंधार म्हणून फ्लॅश लावला, हात हलू नये म्हणून शटर एकशेपंचवीसवर, म्हणजे सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागावर, ठेवला आणि धडाधड उडवत गेलो. आठवड्यानं रोल धुवून आला तेव्हा प्रिंटमध्ये नवरी लख्ख, आणि तिच्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभा काळा पट्टा. त्या काळोखात डोळे बारीक करून बघितलं तर मुंडावळ्या जेमतेम दिसायच्या. मामानं पाकीट हातात घेतलं, एकेक फोटो बघितला आणि शांतपणे विचारलं, "रे मेल्या, नवरो खंय गेलो?"

अकरा फोटो असे गेले. मला वाटलं कॅमेरा बिघडला. कॅमेरा एकदम ठणठणीत होता, अक्कल माझी कमी होती.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे हल्ली पोरं परत फिल्म कॅमेरे घ्यायला लागलीत, आणि मला दर पंधरा दिवसांनी कोणीतरी विचारतं की के१००० घेऊ की निकॉनचा एफएम२ की तो निकॉनचाच एफ८० स्वस्तात मिळतोय तो. योगायोगानं हे तिन्ही मी वापरलेत, वेंगुर्ल्याच्या दमट खाऱ्या हवेत वापरलेत, त्यामुळे थोडं बोलू शकतो. फोटो कुठला चांगला येतो हा प्रश्नच नाही. फोटो काढते लेन्स आणि फिल्म, कॅमेरा म्हणजे मधला काळोखी डबा. फरक पडतो तो हातात कसा बसतो आणि फ्लॅशबरोबर कसा वागतो यात, आणि नेमकं तेच कोणी आधी विचारत नाही.

आधी नवरा कुठे गेला ते सांगतो, कारण ते एकदा कळलं की फ्लॅशचं निम्मं गणित सुटतं.

एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्याच्या आत फिल्मच्या अगदी पुढे दोन पडदे असतात. बटण दाबलं की पहिला पडदा सरकतो, फिल्म उघडी पडते, मग ठरलेल्या वेळानं दुसरा पडदा त्याच्या मागून सरकून फिल्म झाकतो. शटर स्लो असेल, समजा १/३० किंवा १/६०, तर पहिला पडदा पार पलीकडे पोचतो, फिल्म पूर्ण उघडी राहते आणि मग दुसरा निघतो. पण शटर फास्ट केला की पहिला पोचायच्या आधीच दुसरा निघतो. म्हणजे फिल्म पूर्ण उघडी अशी कधी नसतेच, दोन पडद्यांच्या मधली एक फट फिल्मवरून सरकत जाते. उन्हात काही बिघडत नाही, कारण ऊन सतत असतं, फट जिथे जाईल तिथे उजेड मिळतो.

फ्लॅश मात्र सतत नसतो. तो साधारण हजाराव्या भागात, कधी त्याहूनही लवकर, पेटून विझतो. मृगातल्या रात्री वीज चमकते तेव्हा खिडकी सताड उघडी असेल तर अख्खं परसू दिसतं, माड, विहीर, गोठा सगळं. तीच खिडकी अर्धी लोटलेली असेल तर अर्धंच परसू दिसणार, वीज काही तुमच्यासाठी थांबणार नाही. के१००० चे पडदे कापडी आहेत आणि फ्रेमच्या लांबीच्या दिशेनं, म्हणजे ३६ मिलीमीटर आडवे सरकतात. त्यात फ्रेम पूर्ण उघडी मिळते ती १/६० पर्यंतच. मी १/१२५ ठेवला, जवळजवळ अर्धी फ्रेम पडद्याआड गेली, आणि नवरा त्या बाजूला उभा होता.

हा जो सगळ्यात फास्ट पण फिल्म पूर्ण उघडी असलेला स्पीड, त्याला सिंक स्पीड म्हणतात. शटरच्या डायलवर तो वेगळ्या रंगात नाहीतर एक्स खुणेनं दाखवलेला असतो. त्याहून स्लो कुठलाही चालतो, फास्ट चालत नाही.

मामाला हे तोंडी सांगून पटेना. मग मी कॅमेरा रिकामा केला, मागचं झाकण उघडलं, फ्लॅश लावला, लेन्स पूर्ण उघडी करून भिंतीकडे धरली आणि त्याला मागून आत बघायला सांगितलं. साठवर उडवला, पांढरा चौकोन पूर्ण चमकला. एकशेपंचवीसवर उडवला, अर्धाच चमकला. मामानं स्वतः चारपाच वेळा उडवून बघितलं. "म्हणजे पडदो आड इलो तर!" म्हणाला, आणि नंतर शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. जुना कॅमेरा घेताना दुकानात हीच टेस्ट करा, एका मिनिटाचं काम आहे, सिंक स्पीडवर चौकोन पूर्ण चमकला नाही तर सरळ परत ठेवा.

आता निकॉन एफएम२. हा १९८२ चा, पूर्ण मेकॅनिकल, सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. याचे पडदे धातूचे आणि उभे सरकतात, म्हणजे ३६ ऐवजी २४ मिलीमीटरच कापायचे, आणि पडदे हलके, त्यामुळे सिंक सुरुवातीला १/२०० होता आणि १९८४ पासूनच्या मॉडेलला १/२५०. निकॉन एफ८०, २००० सालचा, ऑटोफोकसवाला, फ्लॅश आतच बसवलेला, सिंक १/१२५. म्हणजे तिघांत साठ, एकशेपंचवीस, अडीचशे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दुपारी बारा वाजता सागरेश्वरच्या वाळूत उभं राहून माणसाचा फोटो काढायचा झाला तर जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कसा ते बघा, जरा आकडे आहेत पण पळू नका. फिल्मचा आकडा जितका मोठा तितका तिला उजेड कमी लागतो, आणि एफ/ म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्समधलं भोक, आकडा मोठा तितकं भोक बारीक. कडक उन्हात १०० च्या फिल्मला साधारण १/१२५ आणि एफ/१६ लागतं, हा फोटोग्राफरांचा जुना ठोकताळा. डोक्यावर ऊन असलं की डोळ्यांच्या खोबणीत काळोख पडतो, टोपी असेल तर चेहराच गायब, म्हणून दिवसासुद्धा थोडा फ्लॅश मारायचा, त्याला फिल फ्लॅश म्हणतात. के१००० ला साठच्या वर जाता येत नाही, मग ऊन आवरायला अ‍ॅपर्चर एफ/२२ करावं लागणार. एफएम२ अडीचशेवर जातो, त्याला एफ/११ पुरतं. शटरचा स्पीड बदलला तर फ्लॅशला काही फरक पडत नाही, तो क्षणात येऊन जातो. त्याचा उजेड फिल्मवर किती पोचणार ते ठरवतं अ‍ॅपर्चर आणि अंतर.

फ्लॅशची ताकद गाइड नंबरनं मोजतात. गाइड नंबरला अंतरानं भागलं की अ‍ॅपर्चर मिळतं, अ‍ॅपर्चरनं भागलं की अंतर. समजा तुमच्याकडे १०० च्या फिल्मला मीटरमध्ये २८ गाइड नंबरचा साधा फ्लॅश आहे. एफ/२२ ला २८ भागिले २२, म्हणजे सव्वा मीटर. एफ/११ ला अडीच मीटर. एकच फ्लॅश, एकच ऊन, पण के१००० ला माणूस जवळजवळ नाकाला नाक लावून उभा करावा लागतो आणि एफएम२ नं जाळं ओढणारा बाप्या अर्धा तरी फ्रेममध्ये मिळतो. एफ८० या दोघांच्या मधे पडतो, पावणेदोन मीटर. पण ते वर लावायच्या फ्लॅशचं झालं, त्याचा आतला फ्लॅश फक्त १२ गाइड नंबरचा आहे. एफ/१६ ला तो पाऊण मीटर जातो, हात लांब केला की संपलं. फिल फ्लॅश मुद्दाम एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडाचा, ठेवतात, चेहरा पिठासारखा दिसू नये म्हणून, तेव्हा ही सगळी अंतरं दीडपट धरा, तरी गोष्ट तीच.

मग ४०० ची फिल्म घालू, फ्लॅश लांब जाईल, असं मलाही वाटलं होतं. नाही जात. फिल्म फास्ट झाली तसा गाइड नंबर दुप्पट होतो हे खरं, पण उन्हासाठी अ‍ॅपर्चरही तितकंच बारीक करावं लागतं, भागाकार तोच येतो. उलट के१००० ला साठवर एफ/२२ च्याही पुढे जावं लागेल, ते लेन्सवर नसतंच, आणि फोटो जळतो. म्हणून किनाऱ्यावर दुपारी के१००० मध्ये १०० चीच फिल्म, किंवा फ्लॅशचा नाद सोडा आणि माणसाला माडाच्या सावलीत उभं करा. हा दुसरा उपाय सगळ्यात स्वस्त.

संध्याकाळी मात्र तिघेही सारखेच. सूर्य खाली गेला की साठवरच एफ/८ लागतं, साडेतीन मीटर सहज मिळतात, अडीचशेच्या सिंकचं काही कौतुक उरत नाही. तेव्हा तुम्ही फक्त सूर्यास्त आणि रात्रीचेच फोटो काढणार असाल तर सिंकसाठी जादा पैसे घालू नका.

ऑलिंपसच्या ओएम-४टीआयनं एफ२८० फ्लॅशबरोबर, आणि पुढे १९९५ पासून कॅननच्या काही ईओएस कॅमेऱ्यांनी ३८०ईएक्ससारख्या फ्लॅशबरोबर सिंकच्या वर जायची युक्ती काढली. फ्लॅश एकदाच न उडवता फट सरकेपर्यंत लुकलुकत ठेवायचा, म्हणजे विजेऐवजी ट्यूबलाइटच झाली. चालतं, पण ताकद खूप घटते.

आता रात्रीचं, म्हणजे दशावताराचं, आणि इथे मला जास्त बोलायचंय.

जत्रेत पालखी फिरून झाली की मध्यरात्री कधीतरी नाटक उभं राहतं. एक बाकडं, मागे पडदा, बाजूला पेटी-पखवाज-झांज, वर दोन हॅलोजन नाहीतर ट्यूबा. संकासुर आला की पोरं पुढे सरकतात आणि तुम्हीही. इथे के१००० ची पहिली अडचण म्हणजे मीटरची सुई अंधारात दिसत नाही. काळी सुई, मागे काळोख. एफएम२ ला व्ह्यूफाइंडरमध्ये लाल दिवे आहेत, अधिक, शून्य, उणे, ते रात्री मस्त दिसतात, आणि निकॉनचा फ्लॅश लावला तर तो चार्ज झाल्याचा दिवाही आतच लागतो, डोळा काढावा लागत नाही. के१००० वर मात्र फ्लॅशच्या मागचा दिवा बघायला दर वेळी मान वर करायची, तेवढ्यात राक्षसानं गदा फिरवलेली असते.

फ्लॅशचा उजेड मोजायच्या तीन पद्धती आहेत. एक मॅन्युअल, वर सांगितला तो भागाकार. दुसरी ऑटो, म्हणजे फ्लॅशच्या अंगावरच एक डोळा असतो, समोरून परत आलेला उजेड पुरेसा झाला की तो फ्लॅश तोडतो. जुन्या विविटार २८३ ला ती आहे, तिला कॅमेऱ्याची मदत लागत नाही, आणि माझ्या मते के१००० किंवा एफएम२ वाल्यानं डोळे मिटून हीच वापरावी. तिसरी टीटीएल, म्हणजे उजेड लेन्समधून आत येऊन फिल्मवर पडतो आणि फिल्मवरून परत उसळतो, तो कॅमेरा आतून बघतो आणि फ्लॅश तोडतो. ऑलिंपस ओएम-२ नं १९७५ मध्ये ही पहिल्यांदा आणली. एफएम२ ला टीटीएल नाही, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, पण नाहीच. एफ८० ला आहे, आणि निकॉनची डी किंवा जी प्रकारची, फोकसचं अंतर कॅमेऱ्याला सांगणारी लेन्स असेल तर तो अंतराचाही हिशोब धरतो.

पण टीटीएल म्हणजे देव नाही. दशावतारात मागचा पडदा काळा असला किंवा उघड्यावर मागे नुसताच शेताचा काळोख असला, की साध्या टीटीएलला वाटतं उजेड कमी पडतोय, अजून मार, अजून मार, आणि पुढच्या राजाचा चेहरा भुतासारखा पांढरा. उलट लग्नात पांढऱ्या धोतर-उपरण्यातले चारजण ओळीत उभे असले की त्याला वाटतं पुरे झालं, आणि चेहरे काळवंडतात. फ्लॅशवरच्या ऑटो डोळ्याचंही तेच. त्यापेक्षा दशावतारात मॅन्युअल सोपं, कारण अंतर ठरलेलं असतं, तुम्ही बसलेले असता आणि बाकडं कुठे पळून जात नाही. ४०० ची फिल्म, २८ चा फ्लॅश ५६ चा झाला, पाच मीटरवर एफ/११, झालं. रात्रभर हेच. राजा दोन पावलं पुढे आला तर अ‍ॅपर्चर एक क्लिक बारीक करा.

फक्त असं केलं की मागचं सगळं काळंठिक्कर येतं, पेटीवाला नाही, पडद्याची नक्षी नाही, जणू राजा काळोखात एकटाच बोंब मारतोय. हॅलोजनचा उजेडही यायला हवा तर शटर १/१५ करा, अ‍ॅपर्चर एफ/४ वर उघडा आणि फ्लॅशची ताकद तेवढीच खाली आणा. चेहरा फ्लॅशनं गोठतो, हॅलोजनचा पिवळसर उजेड भोवती पसरतो, आणि तलवार फिरत असेल तर तिची एक पुसट शेपटी येते. ही शेपटी साध्या फ्लॅशमध्ये पुढच्या बाजूला येते, तलवार उलटी चालल्यासारखी, कारण फ्लॅश सुरुवातीलाच उडून जातो. एफ८० मध्ये फ्लॅश दुसरा पडदा निघायच्या जरा आधी उडवायची सोय आहे, मग शेपटी मागे येते, जशी यायला हवी तशी. ही एक गोष्ट एफ८० कडून मला मनापासून आवडली. बाकी फ्लॅश उडवायच्या आधी कंपनीच्या मालकाला विचारा, आणि अगदी डोळ्यात मारू नका, तो माणूस रात्रभर उभा आहे.

उजेड छतावर मारून खाली पाडायचा, म्हणजे बाउन्स करायचा, असं सगळीकडे शिकवतात. कोकणातल्या जुन्या घरात करून बघा. वर मंगलोरी कौलं, काळे पडलेले वासे, सगळा उजेड गिळून टाकतात आणि जो खाली येतो तो तांबूस. चुना मारलेल्या भिंतीवर आडवा मारा, नाहीतर कोणाला तरी पांढरी चादर धरून उभं करा. आणि पावसाच्या भुरभुरीत कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारूच नका, जवळच्या थेंबावर उजेड पडून अख्खा फोटो पांढऱ्या ठिपक्यांनी भरतो.

हाताळणीचं थोडक्यात. के१००० १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता, त्यात टायमरही नाही, शिकायला याच्याइतका चांगला मास्तर नाही. पण मीटरला बंद करायचं बटणच नाही, लेन्सवर टोपी लावायची, नाहीतर सेल संपतो. सेल घड्याळाच्या दुकानात मिळणारा एलआर४४, ते बरं आहे. एफएम२ चा फिल्म ओढायचा दांडा थोडा बाहेर काढला की बटणाचं कुलूप सुटतं, मग बटण हलकं दाबलं की मीटर सुरू होतं, छान कल्पना, पण मी डाव्या डोळ्यानं बघतो आणि तो दांडा दर वेळी भुवईत घुसतो. एका जत्रेनंतर बायकोनं विचारलं होतं, मारामारी केलीस काय. तुम्ही उजव्या डोळ्यानं बघत असाल तर हा प्रश्न नाही.

एफ८० हातात सगळ्यात सुखाचा, उजवीकडे चांगली मूठ आहे, घामानं निसटत नाही, फिल्म स्वतः ओढतो, फ्लॅश वर असताना शटर सिंकच्या वर जाऊच देत नाही, म्हणजे माझा नवरा हरवलाच नसता. पण त्याचे सीआर१२३ए सेल इथल्या दुकानात विचारले तर दुकानदार टॉर्चचे काढून देतो, आणि सेल गेले की कॅमेरा म्हणजे पेपरवेट. एफएम२ च्या मॅन्युअल लेन्स त्यावर लागतात पण मीटर चालत नाही. शिवाय त्याच्या पाठीवरचं रबर दमट हवेत चिकट होतं, गुळाच्या ढेपेला हात लावल्यासारखं. मी स्पिरिटनं सगळं पुसून काढलं, आता खालचं प्लॅस्टिक दिसतं, दिसायला भिकार, पण हाताला चिकटत नाही.

माझं मत विचाराल तर दुपारी किनाऱ्यावर फिरणार असाल तर एफएम२, शिकायचं असेल आणि पैसे कमी असतील तर के१००० आणि ऑटोवाला फ्लॅश, आणि घरात लहान मूल असेल तर एफ८०, कारण मूल फोकस होईपर्यंत थांबत नाही.

जुना फ्लॅश घेतलात तर एक सांभाळा. काही जुन्या फ्लॅशच्या पायावर शंभरच्या वर व्होल्ट असतात. के१००० ला त्याचं काही वाटत नाही, पण एफ८० सारख्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याचं आतलं सर्किट त्यानं जाऊ शकतं, म्हणून लावायच्या आधी मल्टिमीटरनं मोजून घ्या. आणि बरीच वर्षं पडून राहिलेला फ्लॅश पहिल्यांदा चार्ज व्हायला खूप वेळ घेतो, त्याला लगेच मेला म्हणू नका, नवे सेल घाला, अर्धा तास चालू ठेवा, अधूनमधून उडवा, आतला कपॅसिटर हळूहळू ताळ्यावर येतो. पावसाळ्यात सेल बाहेर काढून ठेवा. मी एकदा जूनमध्ये विसरलो आणि गणपतीला उघडलं तर चारही सेलांना हिरवा मोहोर आला होता, व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशनं सगळी चतुर्थी त्यातच गेली.